गरोदरपणाचे मधले तीन महिने

चौथा महिना लागला की घरातल्या सगळ्यांनाच हायसे वाटते. उलट्या थांबतात, तोंडाला चव येते, फोडणीच्या वासाने होणारी मळमळ जाते. बाई पुन्हा उठून कामाला लागते, आणि इथेच घोटाळा होतो. पहिल्या तीन महिन्यांत तिला जपणारे घर समजते की आता सारे सुरळीत झाले, आता थेट सातव्या-आठव्या महिन्यात लक्ष दिले की पुरे. बाईलाही तसेच वाटते. चिखलोलीसारख्या वस्तीत, जिथे घरातली एक बाई औद्योगिक वसाहतीत पॅकिंगला जाते, दुसरी बदलापूर-अंबरनाथच्या सोसायट्यांत धुणीभांडी करते आणि तिसरी पहाटेची लोकल पकडून मुंबई गाठते, तिथे चौथा, पाचवा आणि सहावा महिना कधी सरला हे कळतसुद्धा नाही. दवाखान्याचे कार्ड डब्यात पडून राहते.

भगिनींनो, म्हणूनच आज आम्ही ह्या मधल्या तीन महिन्यांविषयी लिहीत आहोत. हे महिने खरे म्हणजे सर्वांत सुखाचे. अंगात थोडी ताकद असते, पोट फार जड झालेले नसते. पण ह्याच महिन्यांत रक्त कमी आहे की नाही, साखर वाढली आहे की नाही, बाळाची वाढ बरोबर आहे की नाही, हे कळते आणि दुरुस्तही करता येते. आठव्या महिन्यात कळले तर हातात वेळ कमी उरतो. माता रमाईंच्या पाच लेकरांपैकी एकटे यशवंतराव जगले, चार लेकरे लहानपणीच गेली, हे आपल्या प्रत्येक घरात ठाऊक आहे. त्या काळी औषध नव्हते, पैसा नव्हता. आज तपासणी फुकट आहे, गोळ्या फुकट आहेत, तरी आपण जात नसू तर त्याला काय म्हणावे?

पोटात काय चालले आहे

साधारण तेराव्या-चौदाव्या आठवड्यापासून सत्ताविसाव्या आठवड्यापर्यंतचा हा काळ. दिवस मोजायचे ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. ती तारीख कॅलेंडरवर खूण करून ठेवलेली असेल तर डॉक्टरांचे आणि तुमचे दोघांचेही काम सोपे होते. पाच महिने, म्हणजे वीस आठवडे झाले की गर्भाशय बेंबीपर्यंत येते. त्या वेळी बाळ टाळूपासून टाचेपर्यंत जेमतेम वीतभर, वजनाला पाव किलोपेक्षा थोडे जास्त असते. अठ्ठाविसावा आठवडा येईतो ते साधारण किलोभराचे होते. म्हणजे ह्या आठ आठवड्यांत वजन तिपटीच्याही पुढे जाते. हे सारे आईच्या ताटातून येते, दुसरीकडून नाही.

बाळाची हालचाल पहिलटकरणीला अठरा ते वीस आठवड्यांच्या सुमारास जाणवते, तर आधी बाळंतपण झालेलीला दोन-तीन आठवडे आधीच कळते. सुरुवातीला ती लाथ नसते. कोणाला पोटात फुलपाखरू फडफडल्यासारखे वाटते, कोणाला वात सरकल्यासारखे. शेजारणीला चौथ्यातच कळले आणि मला अजून नाही म्हणून रडत बसू नये. वार पुढच्या बाजूला असेल तरी हालचाल उशिरा जाणवते. मात्र चोवीस आठवडे पूर्ण झाले आणि काहीच कळले नाही, किंवा जाणवू लागलेली हालचाल थांबली, तर तडक दवाखाना गाठावा. पुढे सहाव्या महिन्यात बाळाला बाहेरचा आवाजही ऐकू येऊ लागतो. वडिलांनी पोटाशी तोंड नेऊन बोलावे. हसू येते, पण त्यात वाईट काय?

अंगावर इतरही खुणा दिसतात. बेंबीपासून खाली काळी रेघ उमटते, गालावर वांगासारखे डाग पडतात, पोटावर आणि मांड्यांवर तडे दिसतात, हिरड्या सुजून ब्रश करताना रक्त येते, कधी नाकातून रक्ताचा थेंब येतो. ह्यातले बहुतेक बाळंतपणानंतर आपोआप कमी होते. तडे जावेत म्हणून महागड्या क्रीमवर पैसे घालवू नका. खोबरेल तेलाने खाज कमी होते, तडे कोणत्याच तेलाने पुरते जात नाहीत. अंगावरून पांढरे जाणे थोडे वाढते, तेही नेहमीचे. त्याला दुर्गंधी येत असेल, खाज सुटत असेल किंवा रंग पिवळा-हिरवा असेल तर मात्र औषध लागते.

बारीकसारीक तक्रारी

ह्या महिन्यांत बाईला जे त्रास होतात त्यांना घरात कोणी त्रास म्हणत नाही. “आम्हाला नाही का झाली पोरं?” हे वाक्य प्रत्येक सुनेने ऐकलेले असते. सासूबाईंनी स्वतः सोसले हे खरेच, पण सोसावे लागले म्हणून ते योग्य होते असे थोडेच आहे? थोडी युक्ती केली की अर्धा त्रास जातो.

छातीतली जळजळ घ्या. वाढत्या गर्भाशयाने जठर वर ढकलले जाते, त्यात अन्न पुढे सरकणे मंदावते. दोन वेळा पोटभर जेवण्यापेक्षा तेच जेवण चार-पाच वेळा थोडे थोडे करावे. जेवल्याबरोबर आडवे होऊ नये, निदान दीड-दोन तास जाऊ द्यावेत. झोपताना उशीखाली चादरीची घडी ठेवून डोके-खांदे उंच करावेत. वडापाव आणि तिखट रस्सा रात्री नको. सोड्याची पुडी मनाने घेऊ नये, त्यात मीठ असते. डॉक्टर ह्यासाठी साधे औषध देतात.

बद्धकोष्ठतेची तक्रार तर घरोघर असते, आणि लोहाची गोळी सुरू झाली की वाढते. मग बाई गोळीच बंद करते. तसे करू नका. सकाळी उठल्यावर दोन पेले पाणी, जेवणात पालेभाजी, पेरू किंवा केळे, सालीसकट डाळी, आणि रोज अर्धा तास चालणे, एवढ्याने बऱ्याच जणींचे भागते. इसबगोल घेतले तरी चालते. एरंडेल मात्र घेऊ नये. गोळीने शौचाचा रंग काळा होतो, त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

रात्री पोटरीत गोळा येणे हा तिसरा त्रास. झोपेतून किंचाळत उठायला होते. अशा वेळी पाय सरळ करून पावलाची बोटे आपल्या अंगाकडे ओढावीत, पोटरी हळूहळू सैल होते. पोट पुढे आल्यामुळे हात पुरत नाही, म्हणून शेजारी झोपलेल्या नवऱ्याने उठून ओढावीत. त्याची झोपमोड होईल, होऊ द्या. एकाच पायाची पोटरी सुजली, लाल झाली आणि दाबल्यावर दुखते, तर मात्र ती साधी कळ नव्हे, डॉक्टरांना दाखवावे.

पाठ आणि कंबर. इथे आपल्या घरांची रचनाच आड येते. खाली बसून भांडी, खाली बसून धुणे, वाकून झाडलोट. धुणे पाटावर बसून करावे, बादली अर्धीच भरावी, काही उचलायचे तर कमरेतून न वाकता गुडघे मोडून बसावे आणि मग उठावे. लांब दांड्याचा झाडू ही चैन नव्हे. झोपताना कुशीवर, दोन गुडघ्यांमध्ये गोधडीची घडी घालून झोपावे. पाचव्या-सहाव्या महिन्यानंतर पाठीवर उताणे झोपले की जड गर्भाशयाचा दाब मोठ्या रक्तवाहिनीवर येतो, घेरी येते, बाळाकडे जाणारे रक्तही कमी होते. डावी कूस चांगली, उजवीही चालते. झोपेत पाठीवर वळलात तर भिऊ नका, जाग आली की कूस बदला. एकदम उठताना जांघेत किंवा पोटाच्या बाजूला चमक भरते, ती गर्भाशयाला धरणारे बंध ताणले गेल्यामुळे. सावकाश उठले की ती थांबते. पण पोट राहून राहून कडक होत असेल, कळा येत असतील, तर ही ती चमक नव्हे.

अंगदुखीसाठी मेडिकलवाल्याकडून मनाने गोळी आणण्याची सवय आमच्या वस्त्यांत फार आहे. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन ह्या जातीच्या गोळ्या गरोदरपणात, आणि विशेषतः पाच महिन्यांनंतर, बाळाच्या मूत्रपिंडाला अपाय करू शकतात. कोणतीही गोळी घेण्याआधी “मी गरोदर आहे” असे सांगावे, आणि तेही मेडिकलवाल्याला नव्हे, डॉक्टरांना.

नवराबायकोच्या संबंधांविषयी कोणी उघड विचारत नाही, म्हणून आम्हीच सांगतो. सारे ठीक असेल तर ह्या काळात संबंध ठेवण्याने बाळाला धोका नसतो. रक्त जात असेल, वार खाली असल्याचे सोनोग्राफीत सांगितले असेल, किंवा डॉक्टरांनी मनाई केली असेल तर थांबावे. आणि बाईची इच्छा नसेल तर तेवढे कारणही पुरेसे आहे.

ताटात काय हवे

“जास्त खाऊ नको, बाळ मोठे होईल, मग सुटका अवघड जाईल.” हा सल्ला आम्ही शहाण्यासुरत्या बायकांच्या तोंडून ऐकला आहे. तो साफ चुकीचा आहे. आपल्याकडची काळजी बाळ मोठे होण्याची नसून अडीच किलोही न भरण्याची आहे. संपूर्ण गरोदरपणात साधारण नऊ ते अकरा किलो वजन वाढावे, आणि चौथ्या महिन्यापासून महिन्याला दीड-दोन किलो चढावे, असे सरकारी आरोग्यखाते सांगते. दर तपासणीला वजन काट्यावर पाहून कार्डावर लिहून घ्या.

१९९० च्या दशकात पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या संशोधकांनी पुणे जिल्ह्यातल्या सहा खेड्यांतील गरोदर बायकांचा अभ्यास केला. ह्या शेतात राबणाऱ्या, अंगाने बारीक बायका होत्या. नुसती भाकरी जास्त खाण्याने बाळाच्या वजनात फारसा फरक दिसला नाही. फरक दिसला तो हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध वारंवार खाणाऱ्यांच्या बाळांत. पुढे मुंबईच्या झोपडपट्ट्यांत २००६ पासून काही वर्षे पालेभाजी, फळ आणि दूध घालून केलेला खाऊ बायकांना गरोदर होण्याच्या आधीपासून रोज दिला गेला. ज्यांनी तो निदान तीन महिने आधीपासून खाल्ला त्यांची बाळे थोडी जास्त वजनाची झाली, आणि खाऊ खाणाऱ्या बायकांत गरोदरपणातला मधुमेहही कमी आढळला. म्हणजे खाणे नुसते पोट भरण्यापुरते नसावे, त्यात हिरवे काही असावे.

हे हिरवे महाग नाही. माठ, चवळीचा पाला, शेपू, अंबाडी, शेवग्याचा पाला, पावसाळ्यात टाकळा. लोखंडी कढईत भाजी करावी आणि वर लिंबू पिळावे, म्हणजे लोह अंगी लागते. सोबत डाळ, उसळ, शेंगदाणे-गूळ, नाचणीची भाकरी किंवा आंबील. अंडे रोज एक खाल्ले तर उत्तम, पुरते शिजवलेले. मासळी, सुकट, जवळा चालेल, मात्र सुकी मासळी खारट असते म्हणून रक्तदाब वाढलेला असेल तर जपून. दूध परवडत नसेल तर ताक-दही घ्यावे. अंगणवाडीत नाव नोंदवले की गरोदर बाईला शिधा मिळतो. तो घरातल्या सगळ्यांच्या कालवणात जातो हे आम्हाला माहीत आहे, पण तो तिच्या नावाचा आहे. सगळ्यांचे झाल्यावर तळाशी उरलेले खायची आपल्या बायकांची रीत निदान हे सहा महिने तरी मोडावी.

पपईचे विचाराल तर कच्ची पपई टाळावी, पुरती पिकलेली पपई फोडभर खाल्ल्याने काही होत नाही. तीळ, गूळ, अंडे “उष्ण” म्हणून बंद करणाऱ्यांनी त्या जागी काय देणार हेही सांगावे.

चहा-कॉफी दिवसातून दोन कपांवर नको, आणि जेवणाला लागून तर नकोच, कारण चहाने लोह शोषले जात नाही.

आता मशेरी. हे लिहिले की काही वाचक भगिनी रागावतील, पण लिहिणे भाग आहे. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. “मी तंबाखू खात नाही, नुसते दात घासते” असे म्हणणारी बाई दिवसातून चार वेळा दात घासते, तेव्हा ते दात घासणे राहत नाही. मुंबईत १२१७ गरोदर बायकांची नोंद ठेवून केलेला एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात सर्वांत जास्त वापर मशेरीचाच होता. तंबाखू वापरणाऱ्यांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली, आणि दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचे प्रमाणही त्यांच्यात जास्त निघाले. काठावरच्या वजनाच्या बाळाला शंभर ग्रॅम म्हणजे फार झाले. एकदम सुटत नसेल तर आधी दुपारची सोडा, मग रात्रीची. घरात विडी-सिगारेट ओढणाऱ्याने बाहेर जाऊन ओढावी. सोडली तर उत्तमच.

पाणी आणि काम

त्याच पुण्याच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. ज्या बायकांना गरोदरपणी घरातली आणि शेतातली कामे जास्त पडली, त्यांची बाळे सरासरीने हलकी होती. आपल्या घरात बाईचे काम कोणी मोजत नाही. नळाला पाणी ठरावीक वेळीच येते, मग हंडे-कळशा भरणे, पिंप भरणे, जिना चढवणे, हे सारे तिच्याच डोक्यावर. धरण उशाशी असणाऱ्या चिखलोलीत पाण्याचे ओझे बाईनेच वाहावे, ही काही निसर्गाची अट नाही. भाऊ, दीर, सासरे, मोठा मुलगा ह्यांनी हे सहा महिने पाणी भरावे. भरलेला हंडा उचलल्याने प्रत्येकीचा गर्भ पडतो असे आम्ही म्हणत नाही, पण रोज वीस खेपा ही वेगळी गोष्ट आहे.

पाणी पिण्याबद्दलही सांगायचे आहे. कामाच्या जागी धड संडास नसतो, लोकलमध्ये तास जातो, म्हणून बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि लघवी दाबून धरतात. गरोदरपणात मूत्रमार्ग सैल पडलेला असतो, त्यात जंतुसंसर्ग लवकर होतो, आणि तो वर चढला तर थंडी-ताप येऊन वेळेआधी कळा सुरू होऊ शकतात. जळजळ, वारंवार थेंब-थेंब होणे, ओटीपोटात दुखणे असेल तर लघवी तपासून घ्यावी. दिवसाला आठ-दहा पेले पाणी हवेच. सोसायटीतल्या ज्या बाईंकडे काम करता त्यांचा संडास मागून वापरा. ज्या घरात तुम्ही फरशी पुसता तिथे हा प्रश्न विचारण्यात लाज कसली?

पाणी उकळून प्यावे, पावसाळ्यात तर हमखास. गढूळ पाण्यातून पसरणाऱ्या काविळीचा एक प्रकार, हिपॅटायटिस-ई, इतरांना आठ-पंधरा दिवस आडवे करून सोडतो, पण गरोदर बाईच्या जिवावर उठतो. २०१२ साली इचलकरंजीत पाण्यातून ह्याच काविळीची मोठी साथ आली होती. डोळे पिवळे, लघवी गडद, अन्नाचा तिटकारा असे दिसले तर गळ्यात माळ बांधणाऱ्याकडे न जाता सरळ रुग्णालयात जा.

औद्योगिक वसाहतीत रंग, रसायने, द्रावणे ह्यांच्या जवळ काम असेल तर गरोदर असल्याचे लवकर सांगून दुसरे काम मागावे. नाकाला रुमाल बांधल्याने रसायनाची वाफ अडत नाही. दिवसभर उभे राहण्याचे काम असेल तर मधून मधून बसायला मिळावे, पायाखाली लाकडी फळी घ्यावी, घरी आल्यावर पाय भिंतीला टेकून किंवा उशीवर उंच ठेवून पडावे. संध्याकाळी घोट्यांवर येणारी सूज अशाने उतरते. लोकलच्या प्रवासात गरोदर बाईला अपंगांसाठी राखीव डब्यातून जाण्याची मुभा आहे, बरोबर दवाखान्याचे कार्ड असू द्यावे. चालती गाडी पकडायला धावू नये. पुढची येते.

कोणत्या तपासण्या, कुठे

किमान चार तपासण्या हव्यात, त्यांतली दुसरी चौदा ते सव्वीस आठवड्यांच्या आत. अंबरनाथचे डॉ. बी. जी. छाया रुग्णालय आणि उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय ही आपल्या भागातली सरकारी रुग्णालये. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची खास तपासणी होते, ही योजना २०१६ पासून आहे. आशाताईला विचारा, ती तारीख-वेळ सांगते.

रक्तदाब, वजन, लघवी, हिमोग्लोबिन हे दर वेळी पाहिले जाते. हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी, ७ च्या खाली म्हणजे तातडीचे. चौथ्या महिन्यापासून लोह आणि फॉलिक ॲसिडची लाल गोळी रोज एक, निदान १८० दिवस. कॅल्शियमची गोळी दिवसातून दोन, जेवणाबरोबर. दोन्ही एकत्र घेऊ नयेत, मध्ये दोन तास जाऊ द्यावेत. म्हणून लोहाची गोळी रात्री झोपताना घेणे अनेकींना सोयीचे पडते, मळमळही कमी होते. जंताची एक गोळी ह्याच काळात देतात. धनुर्वाताचे इंजेक्शन दोनदा, चार आठवड्यांच्या अंतराने. चोवीस ते अठ्ठावीस आठवड्यांत ग्लुकोजचे पाणी पाजून दोन तासांनी साखर तपासतात. पहिल्या वेळी साखर ठीक आली होती म्हणून ही चुकवू नका. रक्तगट निगेटिव्ह असेल तर तो कार्डावर ठळक लिहून घ्या, त्यासाठी सातव्या महिन्याच्या सुमारास वेगळे इंजेक्शन लागते.

अठरा ते वीस आठवड्यांच्या दरम्यानची सोनोग्राफी बाळाच्या अवयवांसाठी. मेंदू, पाठीचा कणा, हृदय, वार कुठे आहे, हे सारे त्यात दिसते. मुलगा की मुलगी हे विचारायचे नाही आणि सांगायचेही नाही. गर्भलिंग तपासणीला आळा घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्रानेच १९८८ साली केला, देशाचा कायदा १९९४ चा. पोट पुढे असले की मुलगा, पसरट असले की मुलगी, असले आडाखे बांधणाऱ्यांचा अर्धा वेळ बरोबर निघतो, नाणे उडवणाऱ्याचाही निघतो.

ग्रहण पाळण्याचेही तेच. ग्रहणात चाकू धरला म्हणून कोणाच्या बाळाचा ओठ फाटत नाही. गरोदर बाईला तासन् तास उपाशी, पाण्यावाचून, एका जागी बसवून ठेवणे हाच त्यातला खरा धोका आहे. धम्म स्वीकारलेल्या घरातसुद्धा हे चोरून चालते, म्हणून लिहिले.

हक्काचे पैसे, हक्काची रजा

२८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात स्त्री कामगारांच्या प्रसूती-भत्त्याच्या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडले होते की, बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे देशाच्या हिताचे आहे. तिच्या विश्रांतीचा भार बऱ्याच अंशी सरकारने उचलावा, आणि तिच्या श्रमावर नफा मिळवणाऱ्या मालकानेही आपला वाटा द्यावा. पुढच्याच वर्षी मुंबई प्रांताचा कायदा झाला. स्वतंत्र भारतात १९६१ चा मातृत्व लाभ कायदा आला, २०१७ साली पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा २६ आठवडे झाली, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही त्याच तरतुदी घेतल्या आहेत. मागच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केलेले असावे. गरोदर आहे म्हणून किंवा ही रजा घेतली म्हणून कामावरून काढता येत नाही. रोजंदारीवरच्या बायकांनाही हा लाभ द्यावा, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ८ मार्च २००० रोजी दिल्ली महानगरपालिकेच्या हजेरीपटावरील स्त्री कामगारांच्या खटल्यात दिला. ठेकेदार “तुम्ही कायम नाही” म्हणाला की परत फिरू नका, हे सांगण्यासाठी हे लिहिले.

पगारातून कामगार विम्याचे पैसे कापले जात असतील तर रजेचा पगार विमा देतो. त्यासाठी आधीच्या दोन वर्गणी-कालखंडांत ७० दिवसांची वर्गणी लागते. म्हणून पाचव्या महिन्यातच आपला विमा क्रमांक आणि कापलेल्या पैशांची पावती पाहून घ्या. ठेकेदाराने कापले पण भरलेच नाहीत, हे नवव्या महिन्यात कळले तर उपयोग नाही.

पहिल्या बाळासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे ५००० रुपये, दुसरी मुलगी झाली तर ६००० रुपये. नोंद अंगणवाडीत किंवा आशाताईकडे. जननी सुरक्षा योजनेत अनुसूचित जातीच्या मातेला शहरी भागात ६०० रुपये, ग्रामीण भागात ७०० रुपये मिळतात. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या सवलती लागू झाल्या आहेत, तेव्हा दाखला काढला नसेल तर आत्ताच काढा. आधारकार्ड, बँकेचे पासबुक आणि दाखला ह्यांवरचे नाव एकच हवे. माहेरचे आणि सासरचे नाव वेगळे असल्याने पैसे अडकलेल्या बायका प्रत्येक गल्लीत भेटतील. बांधकामावर जाणाऱ्यांनी बांधकाम कामगार मंडळात नोंद करावी, तिथेही दोन बाळंतपणांपर्यंत साहाय्य आहे. सरकारी रुग्णालयातले बाळंतपण, सिझेरियन, औषधे, रक्त, जेवण आणि नेण्या-आणण्याची गाडी २०११ पासून मोफत आहेत. कोणी पैसे मागितले तर पावती मागा.

पाचव्या-सातव्या महिन्यात ओटी भरतात, डोहाळे जेवण होते. त्रिशरण-पंचशील घेऊन साधेपणाने करावे, बाईला आनंद होतो. आमची एक सूचना आहे. येणाऱ्या प्रत्येकीने ब्लाउजपीस आणण्याऐवजी अर्धा डझन अंडी, शेंगदाण्याचा लाडू, पेरू, नाहीतर एक सैल सुती गाउन आणावा. घरात ब्लाउजपीसचे गाठोडे आधीच असते.

केव्हा थांबायचे नाही

अंगावरून रक्त गेले, थोडे का असेना. पाण्यासारखे वाहू लागले. डोके सारखे ठणकते, डोळ्यांपुढे अंधारी येते, चेहरा आणि हात सुजले, अंगठी निघेना. रक्तदाब १४०/९० च्या वर निघाला. ताप आला. बसल्या जागी धाप लागते. झटका आला. पोटात सारख्या कळा येतात. बाळ हलेनासे झाले. तळहात-तळपायांना असह्य खाज सुटते. ह्यांतले एकही असेल तर सकाळ होण्याची, नवरा कामावरून येण्याची, पगार होण्याची वाट पाहू नये. १०८ किंवा १०२ वर फोन करावा, गाडीला उशीर होत असेल तर रिक्षा करावी. कार्ड, रक्तगट, आधारकार्ड आणि दोनशे-पाचशे रुपये एका पिशवीत घालून ती पिशवी पाचव्या महिन्यापासूनच दाराजवळच्या खुंटीला अडकवून ठेवावी, आणि ती कुठे आहे हे शेजारच्या ताईंनाही सांगून ठेवावे.